परसबागेतील कलिंगड

परसबागेतील कलिंगड म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत, विक्रीच्या हेतूविना, थोड्या वेलींवर घेतले जाणारे कलिंगडाचे पीक. कलिंगड (शास्त्रीय नाव: सिट्रुलस लॅनॅटस) ही कर्कटी कुलातील, म्हणजे काकडी, दोडका, भोपळा यांच्या कुलातील, जमिनीवर पसरणारी वर्षायू वेल आहे. कोकण, गोवा व पश्चिम महाराष्ट्रात या फळाला कलिंगड, तर मराठवाडा व विदर्भात बहुधा टरबूज म्हणतात. खरबूज हे त्याच कुलातील निराळे फळ असून त्याची लागवड पुष्कळशी सारखी असली, तरी ही दोन पिके एक नव्हेत.

परसबागेत वेल जोमाने वाढते, फुले भरपूर येतात, फळेही धरतात; परंतु हाती येणारे फळ नारळाएवढेच राहते, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचा दोष बहुधा खताला किंवा बियाण्याला दिला जातो. वास्तविक फळाचा आकार प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरतो: वाणाची आनुवंशिक क्षमता, वेलीला मिळालेली जागा व माती, फुलाचे पूर्ण परागीभवन आणि एका वेलीवर राखलेल्या फळांची संख्या. या चारही गोष्टींचा निर्णय फळ लिंबाएवढे असण्यापूर्वी किंवा त्या सुमारास झालेला असतो. नंतरच्या खतपाण्याने फळाची वाढ बिघडणार नाही एवढी काळजी घेता येते; मात्र सुरुवातीची उणीव त्याने भरून निघत नाही.

मूळ आणि इतिहास

कलिंगडाचे मूळ आफ्रिकेत आहे. सुदानमधील कोर्दोफान भागातील पांढऱ्या गराचे, कडू नसलेले फळ हे आजच्या गोड कलिंगडाचे सर्वांत जवळचे नातलग असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. प्राचीन इजिप्तमध्ये हे फळ परिचित होते. राजा तुतानखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत.

महाराष्ट्रात कलिंगडाची जुनी लागवड दोन प्रकारच्या जागी होत आली. एक, कोकणात भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत, जमिनीतील उरलेल्या ओलीवर. दुसरी, नद्यांचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूत. विदर्भात नदीपात्रातील अशा मळ्यांना डांगरवाडी म्हणतात. नदीपात्रात वाळू उकरून ओल लागेपर्यंत खड्डा घेतला जाई, त्यात शेणखत भरून बी टोकले जाई. वरची वाळू दिवसा तापते, खाली मुळांना ओल व खत मिळते, पाणी कधी साचत नाही. कलिंगडाला काय हवे असते, हे या जुन्या पद्धतीत नेमके दिसते. परसबागेतील आळे हे त्या खड्ड्याचेच रूप होय.

वाणाची निवड

वाणाच्या अंगी असलेल्या क्षमतेपलीकडे फळ वाढत नाही. आपल्याकडे परसबागेत सर्रास लावला जाणारा शुगर बेबी हा वाण गोल, गर्द हिरव्या सालीचा व अतिशय गोड आहे. पण त्याचे फळ साधारण ३ ते ५ किलोचे असते. त्याच्याकडून १५ किलोची अपेक्षा करणे म्हणजे लिंबाकडून मोसंबीची अपेक्षा करणे होय. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अर्का माणिक या वाणाचे फळ सुमारे ६ किलोचे असते आणि तो भुरी व केवडा या रोगांना बऱ्यापैकी तोंड देतो. जपानहून आलेला असाही यामातो आणि राजस्थानातील दुर्गापुरा मीठा या वाणांची फळे ६ ते ८ किलोपर्यंत भरतात.

त्याहून मोठे फळ हवे असल्यास अमेरिकेतील जुन्या वाणांकडे वळावे लागते. चार्ल्स्टन ग्रे हा लांबट, फिकट राखी-हिरव्या सालीचा वाण १९५४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील सरकारी संशोधन केंद्रातून प्रसारित झाला, तर क्रिमसन स्वीट हा पट्ट्यापट्ट्यांचा वाण १९६३ मध्ये कॅन्ससमधून आला. या दोहोंची फळे चांगल्या जमिनीत १० किलो व त्याहून अधिक वजनाची होतात. स्पर्धेसाठी वाढवल्या जाणाऱ्या महाकाय फळांचा वाण कॅरोलायना क्रॉस हा आहे. त्याला फार मोठी जागा आणि दीर्घ उष्ण हंगाम लागतो. साध्या परसबागेत तो लावण्यात अर्थ नाही.

बिनबियांचे, म्हणजे त्रिगुणित गुणसूत्रांचे वाण मोठ्या फळाच्या दृष्टीने सोयीचे नाहीत. त्यांचे बी रुजायला कठीण असते आणि फळ धरण्यासाठी शेजारी दुसऱ्या, बीजयुक्त वाणाची वेल लावावी लागते. बाजारात आज ३ ते ५ किलोच्या फळांना मागणी जास्त असल्याने दुकानात मिळणारे बहुतेक संकरित बियाणे त्याच वजनासाठी तयार केलेले असते. पाकिटावर फळाचे सरासरी वजन छापलेले असते. बी घेताना ते वाचावे.

हंगाम, जागा आणि आळे

कलिंगडाला स्वच्छ ऊन, कोरडी हवा आणि २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. महाराष्ट्रात डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत बी लावल्यास फळे मार्च ते मे या काळात तयार होतात. कडाक्याच्या थंडीत बी रुजत नाही, कुजते. फार उशिरा, मार्चच्या अखेरीस लावलेल्या वेलीची फुले ऐन उन्हाळ्याच्या होरपळीत येतात व फळधारणा कमी होते. शिवाय फळे पावसात सापडण्याचा धोका राहतो. दिवसातून निदान ७-८ तास थेट ऊन नसेल, तर ती जागा या पिकासाठी सोडून द्यावी. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत वेल पसरते, पण फळ पोसत नाही.

जमीन भुसभुशीत, मध्यम, निचऱ्याची असावी. चिकण, काळ्या जमिनीत पाणी धरून राहते व भेगा पडल्या की मुळे तुटतात. तेथे आळ्याची माती वाळू व शेणखत मिसळून मोकळी करावी लागते किंवा गादीवाफा करावा लागतो. लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे सुमारे ६० सेंटिमीटर लांब-रुंद व ४५ सेंटिमीटर खोल खड्डा खणून, वरची माती, चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन घमेली आणि थोडी निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने तो भरावा. कच्चे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात आणि हुमणीसारख्या किडी येतात.

दोन आळ्यांमध्ये मोठ्या वाणासाठी निदान अडीच ते तीन मीटर अंतर असावे. परसबागेत नेमकी येथेच काटकसर होते. दोन पानांची रोपे इतकी लहान दिसतात की एका आळ्यात चार-पाच ठेवण्याचा मोह होतो. दोन महिन्यांनी त्याच वेली एकमेकींवर चढतात, पानांवर पाने पडतात आणि सावलीतली पाने अन्न कमावण्याऐवजी खर्चच करतात. एका आळ्यात तीन-चार बिया टोकून, रोपे तीन-चार पानांची झाल्यावर सर्वांत जोमदार एकच ठेवावे आणि बाकीची उपटून न काढता कात्रीने कापावीत. उपटताना राखलेल्या रोपाची मुळे हलतात. कलिंगडाची मुळे दुखावलेली सहन होत नाहीत. त्यामुळे बी थेट आळ्यात टोकणे किंवा कागदी पेल्यात रोप करून पेल्यासह लावणे चांगले.

गच्चीवरील कुंड्या व पिशव्यांत कलिंगड येते, मांडवावर चढवून फळाला जाळीची झोळीही बांधता येते. मात्र तेथे लहान फळाचे वाणच घ्यावेत. मुळांना मोजकीच माती मिळते, तेव्हा मोठ्या फळाची अपेक्षा धरू नये.

पान आणि फळ यांचे गणित

कलिंगडाच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः साखर असते आणि ती सगळी पानांत तयार होते. वेलीची पाने हा कारखाना आणि फळ ही कोठी, असे मानले तर कोठ्या जितक्या जास्त, तितका प्रत्येकीच्या वाट्याला माल कमी. एका निरोगी वेलीवर पाच-सहा फळे धरू शकतात, पण ती सर्व मोठी होऊ शकत नाहीत. मोठे फळ हवे असेल तर वेलीवर एकच, फार तर दोन फळे राखावी लागतात.

याच कारणाने, फळ मोठे व्हावे म्हणून वेलीची पाने व फांद्या सढळपणे छाटण्याची पद्धत चुकीची आहे. ‘वेल वाया जाते’ असे म्हणून शेंडे खुडणारे लोक प्रत्यक्षात कारखान्याचीच भिंत पाडत असतात. मुख्य वेल व दोन-तीन जोमदार उपवेली वाढू द्याव्यात, त्यांना एकाच दिशेने पण एकमेकींपासून अंतर ठेवून पसरवावे आणि फळ चांगले धरल्यावर नव्याने येणारी फळे मात्र काढत राहावे. शेंडे खुडायचेच असतील, तर फळाच्या पुढे भरपूर पाने आल्यावर आणि जागा संपल्यावरच खुडावेत.

आकारमानाविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहण्यासारखी आहे. गोल फळाचा घेर ६० सेंटिमीटर असल्यास त्याचे घनफळ सुमारे ३,६५० घन सेंटिमीटर भरते. घेर ७५ सेंटिमीटर झाल्यास घनफळ सुमारे ७,१३० घन सेंटिमीटर होते. घेर केवळ पाव पटीने वाढला, पण फळ जवळजवळ दुप्पट झाले. कारण घनफळ घेराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कलिंगड पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता पाण्याहून किंचित कमी असते. तेव्हा घन सेंटिमीटरांचा आकडा ग्रॅम समजून त्यातून थोडे वजा केले की वजनाचा अंदाज येतो. वेलीवरच्या फळाचा घेर शिंप्याच्या फितीने दर चार दिवसांनी मोजून नोंद ठेवल्यास वाढ केव्हा मंदावली ते कळते आणि फळ हलवण्याची गरज पडत नाही.

फुले आणि परागीभवन

कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. आधी नर फुले येतात आणि ती गळून पडतात. त्यामुळे ‘फुले येतात पण फळ धरत नाही’ ही सुरुवातीची तक्रार निराधार असते. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या पाकळ्यांखाली लवदार, सुपारीहून लहान अशी कलिंगडाची प्रतिकृतीच असते. सामान्यतः सात-आठ नर फुलांमागे एक मादी फूल असते. फूल पहाटे उमलते, दुपारपर्यंत मिटू लागते आणि पुन्हा उमलत नाही. फलनासाठी त्याला तेवढी एकच सकाळ मिळते.

पराग चिकट व जड असल्याने वाऱ्याने वाहून जात नाहीत. ते काम मधमाश्यांचे आहे. एका मादी फुलावर मधमाश्यांच्या निदान आठ भेटी झाल्या, तर फळ चांगले भरते. मादी फुलाचे कुक्षी तीन भागांचे असते. पराग एकाच भागावर पडले, तर फळाच्या एकाच बाजूच्या बिया भरतात. वाढणाऱ्या बियांतून स्रवणारी संप्रेरके भोवतालच्या गराला वाढायला लावतात. बी नसलेली बाजू चेपलेली राहते. वाकडे, एका टोकाला निमुळते किंवा आतून पोकळ फळ हे पुष्कळदा अपुऱ्या परागीभवनाचे लक्षण असते, खताच्या कमतरतेचे नव्हे.

शहरी वस्तीत माश्या कमी असल्यास हाताने परागीभवन करावे. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान त्याच दिवशी उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि परागकोश मादी फुलाच्या कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलकेच फिरवावे. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुले वापरल्यास उत्तम. नंतर देठाजवळ सैल दोरा बांधून त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. पुढे फळ काढण्याच्या वेळी ही तारीख फार उपयोगी पडते. कीटकनाशक फवारायचेच असेल तर ते सायंकाळी, फुले मिटल्यावर फवारावे. सकाळी फवारणारा बागाईतदार स्वतःच्याच फळांची संख्या कमी करत असतो.

फळ कुठले राखावे

मुळापासून अगदी जवळ, पहिल्या मादी फुलाला धरलेले फळ राखण्याचा मोह सर्वांना होतो. ते लवकर तयार होते हे खरे. पण त्या वेळी वेलीवर पाने थोडी असतात, त्यामुळे फळ लहान राहते आणि वेलीची पुढील वाढही थांबते. मोठ्या फळासाठी पहिले फळ काढून टाकावे व मुळापासून सुमारे दीड-दोन मीटरवर, म्हणजे साधारणतः दुसऱ्या किंवा तिसऱ्या मादी फुलापासून धरलेले फळ राखावे. आरंभी अशी दोन-तीन फळे ठेवावीत. ती लिंबाहून मोठी, पेरूएवढी झाल्यावर सर्वांत सुडौल, जाड देठाचे व वेगाने वाढणारे एक निवडून बाकीची काढावीत. काढलेल्या कोवळ्या फळांची भाजी होते.

फळधारणेनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत फळातील पेशींची संख्या वाढते, नंतर त्याच पेशी पाणी व साखर साठवून फुगतात. कलिंगडाच्या गरातील काही पेशी इतक्या मोठ्या होतात की त्या नुसत्या डोळ्यांना कणाकणांच्या रूपात दिसतात. पहिल्या पंधरवड्यात वेल तहानली किंवा रोगाने पाने गेली, तर पेशींची संख्याच कमी राहते. मागून कितीही पाणी दिले तरी कमी पेशींचे फळ मोठे होत नाही.

राखलेल्या फळाखाली भाताचा पेंढा, उसाचे पाचट, कौल किंवा लाकडी फळी ठेवावी. ओल्या मातीला टेकलेली साल कुजते आणि खालून वाळवीही लागते. फळ लहान असतानाच त्याची बैठक ठीक करून घ्यावी. मोठे फळ वारंवार उचलून फिरवल्याने देठ पिळवटतो. वरून कडक ऊन असल्यास फळावर पेंढा किंवा जुने पांढरे फडके टाकावे, नाही तर साल भाजते.

पाणी

परसबागेत पाण्याबाबत दोन्ही टोकाच्या चुका होतात. रोप लहान असताना रोज भिजवले जाते आणि मुळे वरच्यावर राहतात. वेल मोठी झाल्यावर मात्र बादलीभर पाण्यावर भागवले जाते. पाण्याची गरज साध्या हिशेबाने काढता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात पूर्ण पसरलेले पीक दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी वापरते. सहा चौरस मीटर पसरलेल्या एका वेलीची गरज त्यामुळे दिवसाला तीस लिटरच्या आसपास जाते. आच्छादन केले तर यातील बाष्पीभवनाचा भाग वाचतो.

दुपारी पाने माना टाकतात, हे पाणी कमी पडल्याचे लक्षण असेलच असे नाही. मोठी पाने कडक उन्हात तात्पुरती कोमेजतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळीही पाने मलूल असतील, तर मात्र पाणी खरोखर कमी आहे किंवा मर रोग लागला आहे. खात्रीसाठी आळ्याच्या कडेला वीतभर खोल माती उकरून पाहावी. मूठ वळली की गोळा होतो एवढी ओल पुरेशी समजावी.

पाण्याचे प्रमाण एकसारखे राहणे हे एकूण पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आठवडाभर ताण पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळाले, की गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि फळ तडकते. गावाला जाऊन आल्यावर बागेत तडकलेले कलिंगड दिसते ते यामुळे. पाणी सकाळी, बुंध्यापासून थोडे दूर, मातीला द्यावे; पानांवर ओतल्यास केवडा वाढण्यास मदत होते. फळ तयार होण्याच्या शेवटच्या आठवड्या-दहा दिवसांत पाणी कमी केल्यास गोडी वाढते, पण वजन थोडे कमी भरते. वजन आणि गोडी यांपैकी काय हवे, ते आधी ठरवावे. घरी खाण्यासाठी लावलेल्या कलिंगडाची गोडी वजनासाठी गमावणे शहाणपणाचे नाही.

खते, औषधे आणि समजुती

सुरुवातीच्या महिन्यात वेल व पाने वाढण्यासाठी नत्र लागते. शेणखत, पेंड किंवा पंधरवड्याने दिलेले पातळ शेणपाणी त्यासाठी पुरते. फुले येऊ लागल्यावर नत्र आखडते घ्यावे. त्या वेळी जास्त नत्र पडल्यास वेल माजते, मादी फुले कमी येतात, फळाची साल जाड व गर फिका राहतो. फळ पोसताना पालाशाची गरज अधिक असते. लाकडाच्या राखेतून पालाश मिळते, परंतु राख अल्कधर्मी असल्याने ती मुठीने, मातीत मिसळून द्यावी. जेथे माती आधीच चुनखडीची आहे तेथे देऊ नये. फळाच्या फुलाकडील टोकाला काळा, खोलगट डाग पडला तर तो बहुधा रोग नसून अनियमित पाण्यामुळे चुना फळापर्यंत न पोचल्याचा परिणाम असतो.

मुळाशी साखरेचे पाणी किंवा दूध घातल्यास फळ मोठे व गोड होते, ही समजूत निराधार आहे. वेल आपली साखर पानांतच तयार करते. मातीत घातलेली साखर मुंग्या आणि सूक्ष्मजीव खातात. गोल फळ ‘मादी’ व लांबट फळ ‘नर’, आणि मादी अधिक गोड, अशीही एक समजूत पसरलेली आहे. फळाला लिंग नसते; आकार वाणावर व परागीभवनावर अवलंबून असतो.

फळ फुगवण्यासाठी संप्रेरके फवारण्याचा मार्ग घरगुती बागेत टाळावा. चीनच्या जिआंगसू प्रांतातील डानयांग येथे मे २०११ मध्ये शेतांतील कलिंगडे मोठ्या संख्येने फुटली. फोरक्लोरफेनुरॉन हे वाढ-संप्रेरक अवेळी व अतिरेकी वापरल्याने आणि त्यातच पाऊस झाल्याने असे घडल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. पातळ सालीच्या वाणाला आतून फुगवण्याचा परिणाम असा होतो, हे पानांच्या गणिताकडे पाहिल्यास समजण्याजोगे आहे: साल जितकी ताणू शकते त्यापुढे गर वाढवण्यात काहीच साधत नाही.

कीड आणि रोग

रोप दोन-चार पानांचे असताना लाल भुंगेरे पानांना भोके पाडतात. सकाळी थंड वेळी ते सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे परसबागेत सहज शक्य असते. नागअळीने पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा उमटतात. अशी पाने थोडी असल्यास काढून टाकावीत. फुलकिडे विषाणुजन्य रोग पसरवतात व शेंडा करपवतात. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावतात.

सर्वांत निराशा करणारी कीड फळमाशी होय. ती कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून गर खातात आणि फळ एका बाजूला सडते. क्यू ल्युअरचे सापळे लावावेत, डंख झालेली फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत आणि राखलेल्या फळाला लिंबाएवढे असल्यापासून कागदी किंवा कापडी पिशवी घालावी. एका वेलीवर एकच फळ असल्यास हे काम अगदी थोडे असते.

भुरी व केवडा या रोगांत पाने जातात आणि पाने गेली की फळाची वाढ थांबते. मर रोग मातीतील बुरशीमुळे होतो व त्यावर वेल लागल्यानंतर उपाय नाही. एकाच आळ्यात लागोपाठ काकडी, भोपळा, कलिंगड घेऊ नये. तीन-चार वर्षांचे अंतर ठेवावे. मर टाळण्यासाठी दुधी भोपळ्याच्या रोपावर कलिंगडाचे कलम करण्याची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली व आता अनेक देशांत रूढ आहे.

फळ केव्हा काढावे

कलिंगड तोडल्यावर अधिक गोड होत नाही. आंब्याप्रमाणे त्याला अढीत घालून पिकवता येत नाही, म्हणून दोन महिने वाढवलेले फळ चार दिवस आधी तोडले तर सगळे श्रम वाया जातात. शुगर बेबीसारखी लहान फळे परागीभवनानंतर सुमारे ३० ते ३५ दिवसांत, मोठ्या वाणांची फळे ४० दिवस व त्याहून अधिक काळाने तयार होतात. देठाला बांधलेली चिठ्ठी येथे उपयोगी पडते.

दुसरी खूण फळाच्या देठाजवळच्याच तणाव्याची, म्हणजे कुरळ्या सुतासारख्या भागाची. तो पूर्ण वाळलेला असावा. तिसरी, जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढऱ्याऐवजी लोण्यासारखा पिवळसर झालेला असावा. सालीची चकाकीही कमी होते. टिचकी मारून आवाज ऐकण्याची प्रथा सर्वपरिचित आहे आणि पिकलेल्या फळाचा आवाज बद्द येतो, पण त्यासाठी कान तयार लागतो. तणावा व डाग या खुणा नवशिक्यासाठी अधिक भरवशाच्या आहेत. फळ पिळून न तोडता देठ थोडा ठेवून सुरीने कापावे.

विक्रमी फळे

जगातील सर्वांत वजनदार कलिंगड म्हणून गिनीज नोंदीत अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या सेव्हियरव्हिल येथील ख्रिस केंट यांच्या फळाची नोंद २०१३ मध्ये झाली. त्याचे वजन ३५०.५ पौंड, म्हणजे सुमारे १५९ किलो होते. त्याआधी आर्कान्सा राज्यातील होप हे लहान गाव महाकाय कलिंगडांसाठी प्रसिद्ध होते. तेथील ब्राइट कुटुंबाने २००५ मध्ये २६८.८ पौंडांचे, म्हणजे सुमारे १२२ किलोचे फळ काढले. या फळांच्या मागे निवडक बी, प्रत्येक वेलीला दिलेली प्रशस्त जागा आणि वेलीवर राखलेले एकच फळ या गोष्टी असतात. अशी फळे चवीसाठी नसतात, वजनकाट्यासाठी असतात.

बी राखणे

मोठ्या फळाचे बी पुढच्या वर्षी लावले की मोठेच फळ येईल, हे अर्धे खरे आहे. गोव्याच्या बारदेश तालुक्यातील पर्रा हे गाव कलिंगडांसाठी ओळखले जाते. गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर हे मूळचे याच गावचे. ते भाषणांतून एक हकिकत सांगत असत. गावातील एक शेतकरी सुगी संपल्यावर मुलांसाठी कलिंगडे खाण्याची स्पर्धा ठेवी. त्यासाठी तो सर्वांत मोठी फळे काढी. मुलांनी हवी तेवढी खावीत, पैसे नाहीत. अट एवढीच, की बी चावायचे नाही, ते भांड्यात टाकायचे. पुढे शेती मुलाकडे गेली. त्याने मोठी फळे बाजारात पाठवली व स्पर्धेला लहान फळे ठेवली. बी लहान फळांचे राहिले आणि काही वर्षांत शेतातील फळे लहान होत गेली.

हकिकतीतील निवडीचे तत्त्व खरे आहे, पण परसबागेत त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, फळ मोठे झाले ते त्याच्या आनुवंशिक गुणामुळे की त्याला चांगली जागा व एकट्याने सर्व पाने मिळाल्यामुळे, हे पाहावे लागते. जवळजवळ सारख्याच जागेत, सारख्याच संख्येने फळे राखलेल्या वेलींची तुलना केली तरच निवड अर्थपूर्ण ठरते. दुसरी मर्यादा मधमाश्यांची. शेजारच्या बागेतील निराळ्या वाणाचे पराग त्या आणतात, तेव्हा फळाची आई ओळखीची असली तरी बाप ठाऊक नसतो. यंदाच्या फळाच्या चवीत त्याने फरक पडत नाही. परिणाम पुढील पिढीत दिसतो.

त्यामुळे बियांसाठी फळ घ्यायचे असल्यास दुसऱ्या दिवशी उमलणारी नर व मादी कळी आदल्या संध्याकाळी हेरून त्यांना सैल कापडी पिशवी बांधावी किंवा पाकळ्यांचे टोक दोऱ्याने मिटून ठेवावे. सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा झाकावे आणि दुसऱ्या दिवशी सोडावे. संकरित बियाण्याच्या फळातील बी राखू नये. त्याची पुढली पिढी एकसारखी निघत नाही. सरळ वाणांचे, म्हणजे अर्का माणिक, शुगर बेबी, क्रिमसन स्वीट यांसारख्यांचे बी राखता येते.

बियांसाठी फळ खाण्याच्या फळापेक्षा थोडे जास्त दिवस वेलीवर ठेवावे. बिया धुऊन पाण्यात टाकाव्यात, तरंगणाऱ्या काढाव्यात, तळाशी बसलेल्या सावलीत कापडावर आठवडाभर वाळवाव्यात. नखाने वाकवल्यास न वाकता मोडणारे बी पुरेसे वाळलेले समजावे. कोरड्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत, वाणाचे नाव, परागीभवनाची तारीख व फळाचे वजन लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवलेले बी चार-पाच वर्षे रुजते.